लोण्याचा डागदर

डॉक्टर केळशीकर कुणालाही भेटले की नमस्काराच्या आधी त्याचा दंड चिमटीत धरायचे. कोपराच्या वर, आतल्या बाजूला, अंगठा आणि दोन बोटं. दुखेल असं कधी धरलं नाही. मंडईत बायका वांगं दाबून बघतात तेवढंच. मग "वा" म्हणायचे, नाहीतर नुसतं "हं". ज्याला "हं" मिळालं त्याच्या पुढ्यात लगेच तुपाची वाटी यायची. मी त्यांच्याकडे नोकरीला गेले त्या दिवशी मलाही "हं" मिळालं. पुण्याला नर्सिंग शिकून आलेली, एकवेळ जेवणारी विधवा बाई मी. माझ्या दंडात धरण्याजोगं होतं काय? त्या घरात काही वर्षं काढल्यावर कळलं की नव्हतं ते बरंच होतं.

परक्या बाईच्या दंडाला हात लावायचा, तोही विधवेच्या, म्हणजे त्या काळी केवढं धाडस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याचा तिथल्या तिथं पाणउतारा केला असता; फटकळ म्हणून माझी ख्याती आधीपासूनच आहे. पण डॉक्टरांच्या त्या बोटांत पुरुष नव्हताच. पुरुष असता तर त्याच्याशी कसं वागायचं ते मला ठाऊक होतं. हे काहीतरी वेगळं होतं आणि त्याचं मला शेवटपर्यंत भय वाटत राहिलं.

बंगला लोणावळ्याला, तुंगार्लीच्या तळ्याच्या अंगाला. पुढे रुग्णांच्या खोल्या, मागे डॉक्टरांचं घर, आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या रंगाची, उत्तरेला मोठी खिडकी असलेली ऑपरेशनची खोली. पावसाळाभर ती खोली बंद असायची. लोणावळ्याच्या पावसात चामड्याच्या जोड्यावर रात्रीत बुरशी येते, तिथं उघड्या जखमेचं काय होईल, असं डॉक्टर म्हणायचे. कार्तिक लागला की खोली धुऊन काढायची आणि माघ संपेपर्यंत काम चालायचं. म्हणून दिवाळी सरूच नये असं मला वाटायचं. इतर घरांत दिवाळीनंतर फराळाचे डबे रिकामे होतात, आमच्याकडे भरायला लागायचे.

डॉक्टरांचं काम असं होतं, की माणसाच्या पोटावरची किंवा मांडीवरची चरबी थोडी काढायची आणि त्याच माणसाच्या चेहऱ्यात कातडीखाली भरायची. खड्डा पडलेला गाल वर येतो. एवढ्यावरच थांबत नाही, तर वरची कातडीही हळूहळू बदलते. करपलेली, सुरकुतलेली, चिवट झालेली कातडी वर्षभरात मऊ पडते. पहिल्या लढाईत ते डॉक्टर म्हणून विलायतेला गेले होते आणि तोफांनी चेहरे उडालेल्या शिपायांच्या इस्पितळात चार वर्षं होते. तिथं खड्डे बुजवता बुजवता हे कातडीचं त्यांच्या ध्यानात आलं. तिथल्या मोठ्या सर्जनांनी हसण्यावारी नेलं म्हणे. डॉक्टरांनी नेलं नाही. चरबी हा शब्द मात्र बंगल्यात उच्चारायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. "लोणी म्हणा, सिस्टर. ऐकणाऱ्याला शिसारी आली की त्याचं अंग आखडतं, आणि आखडलेलं अंग काही ठेवून घेत नाही." त्यामुळे भोवतालच्या वाड्यांमधून त्यांचं नाव 'लोण्याचा डागदर' असं पडलं.

त्यांचा एक नियम होता, आणि तो ते जानव्याइतका पाळत. ज्याचं त्यालाच. एकाचं काढून दुसऱ्याला कधी नाही. लढाईत कुणी तसं करून पाहिलं होतं. आठ दिवसांत सगळं सडून बाहेर आलं आणि शिपाई गेला, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. वाड्यांमधल्या बायका मात्र डॉक्टरांची गाडी दिसली की पोरांना आत ओढून दार लावायच्या. डागदर पोरं वितळवून मडमांच्या तोंडात भरतो, अशी बोलवा होती. मी तिथल्या बायकांना पुष्कळ समजावलं. आमच्याकडे भांडी घासायला येणारी ठकूबाई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हय बाई, तुमी म्हंता तसंच आसंल. पर माजी नात म्या हितं आणायची न्हाई." आणि तिनं शेवटपर्यंत आणली नाही.

डॉक्टरांबद्दल वाईटच सांगत बसले तर अन्याय होईल. धोंडू म्हणून एक इंजिनावरचा आगवाला होता, पवनेकाठचा. घाटात नळी फुटली आणि वाफ तोंडावर आली. जीव वाचला, पण चेहरा भाजक्या भाकरीसारखा झाला होता; तोंड धड मिटायचं नाही, जेवताना घास बाहेर यायचा. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं, स्वतःच्या स्वयंपाकघरातून जेवू घातलं आणि तीन हिवाळे त्याच्यावर काम केलं. एक पैसा घेतला नाही. तिसऱ्या वर्षी तो बायको आणि मुलाला घेऊन भेटायला आला. चेहरा सुंदर झाला होता असं नाही, पण हलत होता. मला म्हणाला, "बाई, आदी पोरगं माज्याकडं बघून रडायचं. आता मांडीवर बसतंय, मिशी वडतंय." डॉक्टर त्या वेळी धोंडूच्या गालावरून बोट फिरवत होते. मुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. "बघा सिस्टर, कातडी कशी श्वास घेतेय," एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी त्यांच्या पाया पडले होते, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

धोंडूसारखे थोडे. बाकी येणाऱ्या सगळ्या मुंबईच्या बायका, हवापालटाच्या नावाखाली येणाऱ्या. त्यांतली एक शेठाणी वर्षभराने रडत परत आली. घरात लागोपाठ दोन लग्नं झाली होती, ती चांगलीच सुटली होती आणि पोटाबरोबर तिचे गालही सुटले होते. डॉक्टर खूश. तिच्या देखत मला समजावून सांगू लागले, की पोटाचं लोणी गालावर नेलं तरी ते पोटाचंच राहतं. माणूस भरला की ते भरतं, माणूस उपाशी राहिला की ते उतरतं. "माहेर विसरत नाही ते," म्हणाले आणि हसले. शेठाणी हुंदके देत होती. तिच्याकडे त्यांनी रुमाल सरकवला खरा, पण नजर गालांवरच होती.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. डॉक्टरांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणत असू. वडगावच्या एका वकिलांची ही थोरली मुलगी, मावळात नाव निघावं अशी देखणी. लढाईवर जाण्याआधी डॉक्टरांनी पुण्याला त्यांचा फोटो काढून घेतला होता आणि चार वर्षं तो उराशी बाळगला होता. परत आले तेव्हा स्टेशनवर न्यायला आलेल्या बाईला त्यांनी ओळखलं नाही. मधल्या काळात इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचं एकुलतं लहान मूल गेलं होतं आणि वहिनी स्वतः मरता मरता वाचल्या होत्या. शिवाय नवरा सुखरूप यावा म्हणून उपास धरले होते. सोमवार, शनिवार, एकादशी आणि अख्खा चातुर्मास एकभुक्त. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. वय तिशीचंही नव्हतं. "मी ज्यांना न्यायला आले ते मला ओलांडून पुढं गेले," असं वहिनींनी मला एकदा तांदूळ निवडताना सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता.

तेव्हापासून डॉक्टर तो चेहरा परत आणत होते. ऑपरेशनच्या खोलीत तो फोटो भिंतीवर असायचा, आणि दर हिवाळ्यात सगळ्यांच्या शेवटी वहिनींची पाळी यायची. बेंबीच्या बाजूला बारीक छेद घ्यायचा, लोणी कोमट मिठाच्या पाण्यात धुवायचं, साबुदाण्याएवढे कण करायचे आणि जाड सुईतून, जागा बधिर करून, गालात सोडायचे. निम्मं अंग खाऊन टाकतं म्हणून दुप्पट भरायचं. दोन महिने तोंड सुजलेलं असायचं. चैत्रात चेहरा फोटोच्या जवळ यायचा आणि डॉक्टर जेवताना गप्पागोष्टी करायचे. मग आषाढी उजाडायची, वहिनींचा चातुर्मास सुरू व्हायचा आणि अंगाबरोबर गालही उतरायचे. एक थोडा जास्त, एक थोडा कमी. डॉक्टर उपास सोड म्हणाले नाहीत असं नाही. पण त्यांच्याच जिवासाठी धरलेलं व्रत, त्यांच्याच सांगण्यावरून मोडायचं, हे वहिनींना पटणं शक्य नव्हतं. अशी ती दोघं वर्षानुवर्षं एकमेकांचं काम पुसत राहिली. दोघांनाही वाटायचं की आपण दुसऱ्यासाठीच करतो आहोत.

एका कार्तिकात डॉक्टरांनी वहिनींच्या पोटावर, मांड्यांवर, पाठीवर हात फिरवून पाहिलं आणि हात धुवायला गेले. काढण्याजोगं काही उरलं नव्हतं. नुसते वण होते.

नेमकी त्याच आठवड्यात वडगावहून कमल राहायला आली. वहिनींची सगळ्यात धाकटी बहीण. गुटगुटीत, हसरी, सारखं काहीतरी तोंडात टाकणारी. माघात लग्न होतं, त्याआधी ताईकडे चार दिवस मजेत काढावेत म्हणून आलेली. डॉक्टरांनी पायरीवरच तिचा दंड धरला. "वा" म्हणाले, आणि हात लवकर सोडला नाही. कमल हसत सुटली. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या हातात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा होता, तो तसाच राहिला होता.

मग जेवताना विषय निघू लागले. सख्ख्या बहिणींना परकं कसं म्हणायचं, असं डॉक्टर वाढणाऱ्या बाईला विचारल्यासारखं विचारायचे. एका कुशीतून आलेलं अंग एकच मानायला काय हरकत आहे? लढाईत केलं ते दोन अनोळखी शिपायांचं होतं, त्यावरून सख्ख्या रक्ताचं कसं ठरवणार? जानव्याइतका पाळलेला नियम माझ्या डोळ्यांदेखत असा एकेक धाग्याने उसवत होता. मी एकदा धीर करून म्हटलं, की आठ दिवसांत सडतं असं तुम्हीच सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले की आपल्याला अजून बरंच शिकायचंय. कमलला यातलं निम्मंही कळलं नव्हतं. तिनं तोंडातला घास गिळत सांगून टाकलं, "घ्या की भावजी, माझ्याकडे ढीग आहे. ताईला दिलं तर माझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. वहिनींसाठी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली होती. त्या पानावर येऊन बसल्या आणि स्वयंपाकिणीला म्हणाल्या, "मला भात वाढा. वर तूप घाला, भरपूर." एकादशीला भात. स्वयंपाकीण डाव हातात धरून उभीच राहिली. वहिनींनी स्वतः उठून वाढून घेतला आणि जेवल्या. इतक्या वर्षांचं व्रत असं मोडलेलं मला बघवेना. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तसा मी कधी पाहिला नव्हता.

दुपारी मी वहिनींच्या खोलीत गेले. त्या डिंकाचा लाडू खात होत्या, औषध घ्यावं तसा. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "कमळीचं लग्न ठरलंय, गोदाताई. तिच्या अंगावर वण नको. त्यांना हवं ते माझ्याच अंगावर यायला पाहिजे, लवकर." मी म्हटलं, सरळ नाही म्हणून सांगा. त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी मीच हौसेनं जाऊन बसले होते. मलाही तो फोटोतला चेहरा हवा होता. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू?" मग दुसरा लाडू घेतला.

पौष निम्मा होईपर्यंत वहिनींनी अंग धरलं. दूध, तूप, साखरभात, जे येईल ते. कमल लग्नाच्या खरेदीसाठी वडगावला जायची आणि परत यायची. डॉक्टर तिला फार दिवस तिकडे राहू देत नसत, काही ना काही निमित्त काढून बोलावून घेत. वहिनींच्या बांगड्या घट्ट झाल्या, पण डोळे थकलेले दिसायचे आणि पाण्याचा तांब्या सतत उशाशी असायचा. एक दिवस ठकूबाई डॉक्टरांच्या समोरच मला म्हणाली, "मोरीत मुंग्या लय झाल्यात बाई. रोज झाडती, रोज येत्यात." डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी स्वतः तपासणी केली. नळीत निळं औषध, त्यात वहिनींची लघवी, खाली दिव्याची ज्योत. निळं हिरवं झालं, पिवळं झालं आणि मग विटेसारखं लाल होऊन तळाशी बसलं. साखर. इतक्या वर्षांच्या उपासांनी जे कदाचित दाबून ठेवलं होतं ते वर आलं होतं. साखरेच्या माणसाची जखम भरत नाही, सडते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मधुमेह असलेल्या दोन बायकांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. मी म्हटलं, मुंबईला नेऊ या, तिथं इन्शुलिन मिळतं.

"नेऊ," ते म्हणाले. "पण तिथं आधी पथ्यावर ठेवतील. पथ्य सुरू झालं की हे उतरेल." नळी उजेडाकडे धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले. "आज तिच्या अंगावर आहे, सिस्टर. पुन्हा यायचं नाही. थांबायचंच म्हटलं, तर मग कमल आहे."

दाराशी वहिनी उभ्या होत्या. किती ऐकलं कुणास ठाऊक. मला वाटतं, सगळंच. त्या म्हणाल्या, "उद्याच करा. सकाळी." मग आत जाऊन कमलची ट्रंक भरू लागल्या. पहाटेच्या गाडीनं तिला वडगावला धाडली. लग्नघरात मुलगी हवी, नाना, म्हणजे त्यांचे वडील, एकटे काय काय बघणार, असं काहीतरी सांगितलं. कमल कुरकुरत गेली. गाडी हलल्यावर वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला आणि मला म्हणाल्या, चला, वेळ होईल. मी वाटेत त्यांचा हात धरून थांबवलं, विनवलं. त्यांनी माझा हात हळूच सोडवला.

लोणी चांगलं निघालं. पिवळंधमक, भरपूर. डॉक्टर गुणगुणत होते. फोटोकडे बघायचे, गालाकडे बघायचे, कण सोडायचे. डावी बाजू करताना म्हणाले, "आता उतरायचं नाव नको." वहिनी जाग्या होत्या. छताकडे बघत होत्या.

आठवडा व्हायच्या आत ताप चढला. पट्टीला वास येऊ लागला. मी तो वास ओळखत होते आणि डॉक्टर माझ्याहून जास्त ओळखत होते, पण ते म्हणत राहिले की सूज आहे, बसेल. पट्टी बदलायला मला हात लावू देईनात. मुंबईहून इन्शुलिन आलं तेव्हा वहिनी शुद्धीवर नव्हत्या. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या गेल्या.

वडगावहून नाना आणि कमल आली. सवाष्ण गेलेली, तेव्हा हिरवं लुगडं, चुडा, मळवट सगळं करायला शेजारच्या बायका जमल्या. तोंडाला हळद लावायची म्हणून एकीनं पट्टीची गाठ सोडायला हात घातला, तर डॉक्टर म्हणाले, "पट्टी काढू नका. अजून बसायचंय ते." आवाज नेहमीचाच होता, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलतात तसा. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी कपाळ तेवढं उघडं होतं, तिथंच कुंकू लावलं.

तिरडी उचलायच्या वेळी ते माझ्यापाशी आले. कमरेला ओला पंचा, उघडं अंग, बरगड्या मोजाव्यात असं. मला वाटलं, आता तरी हा माणूस कोसळेल. ते हळूच म्हणाले, "कमलला ठेवून घ्या, सिस्टर. जेवायला घाला तिला. डावीकडे थोडं कमी पडेल असं वाटतंय."

मूलबाळ नव्हतं, म्हणून विस्तवाचं मडकं त्यांच्याच हाती होतं. मडकं धरणाऱ्यानं पुढं चालायचं, मागं बघायचं नाही. थोडं चालून गेल्यावर त्यांनी मडकं रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि मागं आले. तिरडी थांबली. त्यांनी पट्टीवरून डाव्या गालाला तळवा लावला आणि खांदेकऱ्यांना म्हणाले, सावकाश न्या, धक्का लागू देऊ नका. गुरुजींनी त्यांना दंडाला धरून पुढं नेलं. इंद्रायणीकडे वळणाऱ्या रस्त्यापर्यंत मला दिसत होतं. वळणावर त्यांनी मडकं पुन्हा खाली ठेवलं. त्यानंतर मी त्यांना कधी पाहिलं नाही.

कमल माझ्याशेजारी उभी होती, डोळे सुजलेले. भावजी सारखे मागं का येतात, म्हणून विचारत होती. मी तिला आत नेलं, तिच्या पायात चपला घातल्या आणि मागच्या दाराची कडी काढली.

"नाना अजून नदीवर आहेत," ती म्हणाली. "ते आल्यावर निघू की."

"त्यांना ठकूबाई सांगेल," मी म्हटलं. "तू चल. मंडळी परतायच्या आत आपल्याला गाडी मिळायला हवी."